शेरा : कडी उघडली नाही

आमच्या घरात न्हाणीघर एकच आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो. म्हणजे पुढं जे घडलं त्यात माझी चूक किती आणि परिस्थितीची किती, हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल. त्या एकुलत्या एका न्हाणीघरात नऊ दिवस एक ऑक्टोपस राहत होता आणि आम्ही चौघं, म्हणजे मी, माझी बायको, आमची लेक आणि माझी थोरली बहीण आक्का, खांद्यावर टॉवेल टाकून समोरच्या विमावाल्यांकडे आंघोळीला जात होतो. सत्तावन्न वर्षांचा माणूस, एका मोठ्या कचेरीत आवक-जावक विभागाचा प्रमुख, हातात साबणाची डबी घेऊन शेजाऱ्यांची बेल वाजवतोय, हे दृश्य जिन्यातल्या सगळ्यांनी नीट पाहून घेतलं. मी मात्र कुणाकडे पाहिलं नाही.

लेकीचा अभ्यासाचा विषय ऑक्टोपस. चार वर्षं ती एकच गोष्ट तपासत होती. ऑक्टोपसला पेटीत कोंडलं तर तो कड्या उघडून बाहेर येतो का, आणि येत असेल तर किती लवकर शिकतो. पेटी पारदर्शक, तिला आतून तीन कड्या. एक ढकलायची, एक फिरवायची, एक ओढायची. तिन्ही उघडून बाहेर आला की त्याला एक कोळंबी मिळायची. नाही आला तर काही नाही. अशी बारा सुटकांची नोंद झाली की प्रबंध पुरा. नऊ झाल्या होत्या. तीन राहिल्या आणि प्रयोगशाळेचं छत गळायला लागलं. दुरुस्तीला दहा दिवस. प्रबंध द्यायची तारीखही दहा दिवसांवर. दोनदा मुदतवाढ घेऊन झालेली, तिसरी मिळत नाही. तारीख चुकली की नोंदणी रद्द, चार वर्षं पाण्यात.

"बाबा, दहा दिवसांचाच प्रश्न आहे," लेक म्हणाली. हेच वाक्य माझ्या मेहुण्याने त्याचा सोफा आमच्याकडे ठेवताना म्हटलं होतं. त्या सोफ्यावर बसूनच मी हे लिहितोय.

त्यात आणखी एक मेख होती. प्रयोगाची नोंद स्वतः विद्यार्थ्याने करायची नाही, दुसऱ्या कुणी करायची असा नियम. प्रयोगशाळा बंद, बाकीचे विद्यार्थी आपापल्या गावी. लेकीच्या मार्गदर्शक मॅडम फोनवर म्हणाल्या, "घरातलं कुणी चालेल, पण खोटं लिहिणार नाही असा माणूस हवा."

"मग हेच," आमची ही स्वयंपाकघरातून ओरडली. "यांना खोटं लिहिता आलं असतं तर केव्हाच वरच्या खुर्चीवर गेले असते!"

मी ते कौतुक समजायचं ठरवलं आणि साठलेली रजा टाकली.

लेकीनं मला एक वही दिली. तारीख, पेटीत ठेवल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, कडी उघडली की नाही, आणि शेवटी शेरा. "शेरा नाही लिहिला तरी चालेल हं बाबा," ती म्हणाली. आता ज्या माणसाने एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळलं त्याला तुम्ही शेऱ्याचा रकाना मोकळा सोडायला सांगता? आमच्या विभागात असं कधी झालं नाही. टपाल भिजून आलं तर 'भिजून आले', शिपाई उशिरा आला तर 'शिपाई उशिरा, कारण सांगितले, पटले नाही'. एकतीस वर्षांत माझा एकही शेरा कुणी वाचलेला नाही, ही गोष्ट वेगळी. साहेब लोक खाली 'पाहिले' असं लिहून सही ठोकतात. एकदा मी मुद्दाम लिहिलं, 'सदर फाईल उंदराने खाल्ली असून उंदीर रजेवर आहे.' दुसऱ्या दिवशी खाली सही होती. पाहिले.

टाकी आली त्या दिवशी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकली. आत मी, काचेची टाकी, कॉलेजच्या गाडीचा ड्रायव्हर, समुद्राच्या पाण्याचे सहा कॅन, त्यातल्या शेवटच्यात साहेबांच्या खाण्याच्या कोळंब्या, आणि आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. पंचवीस मिनिटं. तेवढ्यात त्यांनी टाकीतला प्राणी पाहिला आणि लिफ्ट सुटल्याबरोबर मला ऑफिसात नेऊन पाळीव प्राण्याचा अर्ज पुढ्यात ठेवला. 'कुत्रा / मांजर / पक्षी. लागू नसेल ते खोडा.' मी तिन्ही खोडली.

"असं कसं? काहीतरी राहिलं पाहिजे ना," सेक्रेटरी म्हणाले.

"पण तो यातला कुठलाच नाही."

"मग पक्षी ठेवा. पक्ष्याला कुणी हरकत घेत नाही."

मी खोटं लिहीत नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. अर्धा तास आमचं चाललं होतं. पुढचा रकाना होता 'उंची, खांद्यापासून'. ज्याला आठ हात आहेत त्याला खांदे किती धरायचे? मी लिहिलं, 'निश्चित सांगता येत नाही.' मग 'भुंकतो का', 'चावतो का', आणि लस टोचल्याचा दाखला. दाखल्यासाठी मी फोटो घेऊन गुरांच्या डॉक्टरांकडे दोन तास रांगेत बसलो. माझ्या शेजारी एक बोकड होता आणि तो माझ्या अर्जाचा एक कोपरा खाऊन गेला. डॉक्टरांनी फोटो उलटा धरला, सुलटा धरला, "तोंड कुठलं?" विचारलं आणि दाखला दिला. 'प्राणी प्रत्यक्ष पाहिला नाही. फोटोत शांत वाटतो.' सेक्रेटरींनी तो अर्ज कमिटीपुढे ठेवतो म्हणून घेतला. तोवर प्राणी ठेवायचा की नाही, असं विचारलं तर म्हणाले, "ठेवू नका. पण मी काही बघायला येणार नाही."

तर ऑक्टोपस. कॉलेजात त्याचं नाव नमुना क्रमांक सात. ही त्याला बिचारा म्हणायची, आक्का 'तो मेला' म्हणायची. मी पहिल्याच दिवशी त्याला साहेब म्हणायला लागलो. कोपऱ्यात बसायचं, डोकं मोठं, अंग सैल, आपण समोर गेलो की रंग बदलायचा, आणि कुणी पाहत असेपर्यंत काडीचं काम करायचं नाही. माझ्या कचेरीत असे तीन होऊन गेले.

पहिल्या प्रयोगाला लेक हजर होती. साबणाच्या फळीवर तिने माझा मोबाइल उभा करून ठेवला, चित्रीकरणासाठी. साहेबांना टाकीतल्या पेटीत घातलं, पेटीचं दार लावलं. साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे, आणि पेटीच्या भोकातून अशी नेमकी चिळकांडी मारली की मोबाइल तिथल्या तिथे गेला. मग हात आवरून घेतले आणि डोळे मिटले. अर्धा तास झाला. मी वहीत लिहिलं. कडी उघडली नाही. शेरा : 'निरीक्षकाचा मोबाइल निकामी.'

"रुळेल," लेक म्हणाली. "जागा नवी आहे. उद्यापासून मी लिहायला ग्रंथालयात जाते, तुम्ही दिवसातून चार वेळा पेटी लावा. आणि एक लक्षात ठेवा सगळ्यांनी. बाहेर आल्याशिवाय खायला द्यायचं नाही. दोन दिवस उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही."

"काही होत नाही म्हणे," आक्का पुटपुटली.

दुसऱ्या दिवसापासून मी न्हाणीघराच्या दारात स्टूल टाकून बसलो. दहा वाजता पेटी, बारा वाजता पेटी, तीन वाजता, पाच वाजता. उघडली नाही, उघडली नाही, उघडली नाही, उघडली नाही. पाठीत उसण भरली. न्हाणीघरातल्या स्टुलावर बसून माणूस जितका विचार करू शकतो तितका मी केला. नऊ वेळा ज्याने कड्या उघडल्या तो आपल्याकडे येऊन एकदम ढ कसा झाला? आमच्या घराचा गुणच तसा असेल, असंही वाटून गेलं. आमचे भाचे परीक्षेआधी आमच्याकडे राहायला येऊन नापास झालेले आहेत.

सल्ला द्यायला विमावाले होतेच. त्यांच्या न्हाणीघरात आंघोळ करायची म्हणजे सल्ला ऐकायचा. मी आत अंगाला साबण लावत असायचो आणि ते दाराबाहेर उभे राहून बोलायचे.

"अहो, त्याला ध्येयच नाही! ध्येय दिलंत का तुम्ही त्याला?"

"कोळंबी आहे ना," मी आतून.

"कोळंबी हे बक्षीस झालं. ध्येय वेगळं. मी येऊन दहा मिनिटं बोलतो त्याच्याशी."

आणि ते आले हो! टाकीसमोर उभं राहून त्यांनी साहेबांना, आयुष्य हीच एक पेटी आहे, इथपासून सुरुवात केली. साहेब विटकरी झाले, मग करडे झाले, मग मागच्या काचेच्या रंगाचे होऊन दिसेनासेच झाले. असं मला कचेरीतल्या बैठकीत कधी जमलं असतं तर! विमावाले जाताना म्हणाले, "ऐकत होता. माझा अनुभव आहे, असेच लोक शेवटी पॉलिसी घेतात."

आता एक गोष्ट कबूल करतो. दुसऱ्याच दिवशी, बाराची पेटी लावलेली असताना, साहेबांनी एक हात काचेला टेकवून टक, टक, टक असं वाजवलं. मी उठून जवळ गेलो. ते माझ्याकडे बघत होते. काय ती नजर! आमच्या घरी पाहुणा आला आणि जेवल्याशिवाय गेला असं माझ्या जन्मात झालेलं नाही. टपाल टाकायला आलेल्या माणसालाही ही ताटावर बसवते. आणि इथं पाहुण्याला उपाशी कोंडून मी समोर बसून पोहे खातोय? मला राहवलं नाही. कॅनमधली एक कोळंबी काढली आणि भोकातून दिली. एकच. पण दिली ती दिली, लपवायचं कशाला? शेऱ्यात लिहिलं. लेक संध्याकाळी थकून यायची, वही उघडायची, 'उघडली नाही'च्या रकान्यावरून बोट फिरवायची आणि मिटून ठेवायची. काही बोलली नाही, तेव्हा मी समजलो की एका कोळंबीने एवढं काही बिघडत नसावं. मग तिसऱ्या दिवशीही दिली. चौथ्याही. जेव्हा जेव्हा दिली तेव्हा तेव्हा लिहिली.

दिवस जात होते. लेकीचा चेहरा उतरत चालला. पाचव्या दिवशी ती जेवता जेवता म्हणाली, "नाही झालं तर काय करायचं मी? पुन्हा पहिल्यापासून चार वर्षं?" ही तिच्या पानात भात वाढतच राहिली, तिला थांबायचं कळेना. मी पाणी प्यायलो. आपल्या पोरीच्या आयुष्याची गाठ एका कडीशी पडलीय आणि आपण नुसते स्टुलावर बसलोय, असं वाटून मला फार वाईट वाटलं.

सहाव्या दिवशी दहाची पेटी लावली आणि मी आंघोळीला गेलो. तेवढी एक चूक. पण माझ्या रोजच्या नऊच्या वेळेला विमावाल्यांची सासू आत होती, त्याला मी काय करणार? अंगभर साबण लावलेला असताना हिची हाक जिना ओलांडून आली, "अहो, बिचारा गेला!"

मी टॉवेलवर धावत आलो. जिन्यात सेक्रेटरी भेटले. त्यांनी घड्याळात पाहिलं. घरात येऊन बघतो तर पेटीच्या तिन्ही कड्या उघड्या, टाकीचं झाकण सरकलेलं, साहेब नाहीत. लेक घरीच होती, कागद न्यायला आलेली. ती पांढरी पडली होती. "पाण्याबाहेर फार वेळ जगत नाहीत ते," एवढंच म्हणाली. आम्ही चौघं ओणवे होऊन शोधायला लागलो. बादल्या, पाट, मोरी, सोफ्याखाली. मेहुण्याचा सोफा त्या दिवशी प्रथमच उचलला गेला आणि त्याखाली माझा चष्मा सापडला, दोन वर्षांपूर्वीचा. शेवटी आक्काच ओरडली. साहेब पाण्याच्या शेवटच्या कॅनमध्ये होते. कोळंब्यांच्या. आत शिरून वरचं झाकण त्यांनी आतून ओढून घेतलं होतं, आणि झाकण काढल्यावर आमच्याकडे असं बघितलं, जसं काही आम्हीच न विचारता आत आलोय.

"अगं बाई, उघडली की कडी!" ही आनंदानं टाळ्या वाजवायला लागली. "अहो, लिहा, लिहा! तिन्ही उघडल्या!"

वही माझ्या हातात होती. अंगावर साबण वाळत होता. "मी पाहिलं नाही," मी म्हणालो.

"उघडलेली दिसतेय ना डोळ्यांना?"

"उघडलेली दिसतेय. उघडताना मी विमावाल्यांच्या मोरीत होतो."

"एक दिवस!" ही रडवेली होऊन म्हणाली. "एकतीस वर्षांत एक दिवस पोरीसाठी खोटं लिहा ना!"

मी लेकीकडे पाहिलं. तिनं 'लिहा' म्हटलं असतं तर मी काय केलं असतं ते मला आजही सांगता येत नाही. "नको आई," ती म्हणाली. "बाबांनी पाहिलं नाही तर नाही." आणि तोंड फिरवून ती कॅनमधल्या कोळंब्या पाहायला लागली. एकेक करून मोजल्या. मग सावकाश विचारलं, "यात चाळीस होत्या. आता पाच आहेत. एका दिवसात हा पस्तीस खाऊ शकत नाही. कुणी दिल्या?"

हिनं पदरानं कॅनचं झाकण पुसायला घेतलं.

"मी दिल्या," आक्का म्हणाली. जिनं जन्मात मासळीला हात लावला नाही ती! "सांडशीनं दिल्या. इतका पांढराफटक पडायचा रे तो मला बघून. बघवायचं नाही."

"तुम्ही पण?" ही आक्काला म्हणाली आणि जीभ चावली.

लेक मोरीच्या कट्ट्यावर मटकन बसली. "म्हणजे त्याला भूकच नव्हती. तो कड्या कशाला उघडेल? आणि मी रोज... बाबा, निदान तुम्ही तरी?"

"मीही दिल्या," मी म्हणालो. "पण मी लिहिलंय."

"कुठं?"

"शेऱ्यात."

तिनं माझ्या हातातून वही ओढून घेतली. तिला राग आला होता, तो मला दिसत होता, आणि तिचा राग रास्त होता. ती वाचायला लागली. पहिल्यांदा मनात, मग मोठ्यानं.

"'बारा वाजून दहा. नमुन्याने काचेवर तीन टकटक केले. निरीक्षक उठला. एक कोळंबी दिली. राहवले नाही.' 'तीन वाजून पाच. तीन टकटक. निरीक्षक उठला. कोळंबी दिली.' 'दहा पन्नास. नमुन्याने दाराबाहेर चिळकांडी मारली. सौ. लादी पुसते म्हणून आत गेल्या व दार लावून घेतले. तीन मिनिटांनी आल्या. लादी ओलीच.' 'चार वीस. आक्का दारातून डोकावली. नमुना एकदम पांढरा. आक्का पाय धुते म्हणून आत गेली. सोबत सांडशी. नळाचा आवाज आला नाही.'"

ती थांबली. मग पुन्हा पहिल्या पानावर गेली आणि बोटावर काहीतरी मोजायला लागली. "तुम्हाला टकटक. आईला चिळकांडी. आत्याला पांढरा रंग. कधीच चुकला नाही तो," ती म्हणाली. "आईला कधी टकटक केली नाही. बाबा, यानं पेटीची कडी नाही उघडली. यानं तुम्हाला उघडलं. तिघांना, तीन निरनिराळ्या रीतींनी." आणि ओल्या लादीवर बसून ती हसायला लागली, मग रडायला लागली. तिची आई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "खाऊ दिला तर एवढं काय गं रडायचं?"

मॅडम त्याच दुपारी आल्या. त्यांनीही शेरे वाचले. चष्मा पुसून दोनदा. ठरलेल्या बारा सुटका सोडून प्रबंधात दुसरं काही घालायचं तर त्यांची लेखी परवानगी लागते आणि ती त्या कधी देत नाहीत, असं ऐकलं होतं. त्यांनी ती आमच्या ओट्याशी उभ्या उभ्या लिहून दिली. पुढचे तीन दिवस मी, ही आणि आक्का साहेबांपुढं आळीपाळीनं हजर होत होतो, आणि लिहीत मॅडम होत्या. लेकीनं तीन दिवसांत नवं प्रकरण लिहिलं आणि शेवटच्या तारखेला पाचला दहा मिनिटं कमी असताना प्रबंध खिडकीतून आत सरकवला.

त्या प्रबंधात मी आहे. निरीक्षक म्हणून नाही. 'मनुष्य क्रमांक एक, पुरुष, वय सत्तावन्न. सर्वांत लवकर शिकला : दुसरा दिवस.' जो माणूस कचेरीत घंटा वाजली तरी पहिल्यांदा उठत नाही, त्याला एका बिनहाडाच्या प्राण्यानं तीन टकटकीत उठवलं, हे छापून आलं आहे. विमावाल्यांनी त्याची प्रत मागितली.

साहेबांना गाडीतून परत नेलं. न्हाणीघर आमचं झालं. पहिल्या दिवशी मी तासभर आंघोळ केली आणि मधेच वाटलं, कुणी वाजवलं. नळ गळत होता.

आठवड्यानंतर कमिटीचं पत्र आलं. 'आपल्या पाळीव पक्ष्यास, तो भुंकणार नाही या अटीवर, राहण्यास परवानगी देण्यात येत आहे.' सवयीप्रमाणे मी ते प्रयोगाच्या वहीतच चिकटवलं आणि शेवटच्या रकान्यात शेरा लिहिला, 'प्राणी परत गेला. घरात करमत नाही.' आणि वही फळीवर ठेवून दिली, ती पुन्हा कोण उघडणार म्हणून.

काल पेन्सिल शोधताना ती हाताला लागली. माझ्या शेऱ्याखाली लेकीच्या अक्षरात एक शब्द आहे, खाली सही आणि तारीख. 'पाहिले' नाही. तिनं लिहिलंय, 'वाचलं.'